कानातला भोंगा

२८ मार्च, शुक्रवार

जमाखर्चाच्या वहीची मागची पानं कोरी राहिलीत. वाया जाऊ नयेत म्हणून त्यावर लिहिते आहे. कोणी वाचणार नाही.

निशाने नागपूरहून एसटीच्या कंडक्टरजवळ पार्सल पाठवलं. आत इअरबड. मोहाच्या फुलासारखे पांढरे, वायर नाही, साबणाच्या वडीएवढी डबी. फोनवर म्हणाली, "आई, व्हिडिओ कॉल कर, मी जोडून देते." मी म्हटलं, काही गरज नाही. मी मॅट्रिक आहे. सेकंड क्लास, विज्ञानात अठ्ठावन्न.

निश्चय: रोज पहाटे प्रवचन ऐकणार. मनन करणार. इतर काही ऐकणार नाही.

डबी देवघरात ठेवली. पाडव्याला मुहूर्त.

३० मार्च, पाडवा, सकाळी ९

डबीला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, मग उघडली. कुंकू आत गेलं, जिथे चार्जिंगचे पिवळे टिपके असतात तिथेच. फुंकर मारली. आणखी आत गेलं. शुभच आहे.

माहितीपत्रक आंघोळ करून पूर्वेकडे तोंड करून वाचलं. अक्षरं मुंगीएवढी. बडचा लाल-निळा दिवा लागला. फोनमध्ये जोडणीच्या यादीत दोन नावं आली. एक बडचं, एक मंदिराच्या भोंग्याचं.

भोंग्याचं लिहून ठेवते. मारुतीचं मंदिर आमच्या भिंतीला लागून. दुसऱ्या बाजूला वच्छलाबाईचं घर. गावात वाघाचं येणं-जाणं वाढलं तेव्हा वाघ समितीने मंदिरावर भोंगा बसवला, आणि घर जवळ आणि शिक्षण मॅट्रिक म्हणून तो माझ्या फोनला जोडला. समितीचे इस्तारीभाऊ पहाटे टॉर्च घेऊन फिरतात. वाघ दिसला की मला फोन. मी फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करायचं, भोंग्यावर तीनदा वाजवायचं. सात महिने झाले, एकही चूक नाही. इस्तारीभाऊ भर सभेत म्हणाले होते, "बाईच्या आवाजावर गाव उठते." तो दिवस मी विसरले नाही.

३१ मार्च, सोमवार

जोडले. आवाज येत नाही. दोष बडचा.

१ एप्रिल, मंगळवार

डावा बड उजव्या कानात घालत होते. आता बसतो. आवाज तरी नाही. निशाचा फोन आला, जमलं का? म्हटलं, केव्हाच.

२ एप्रिल, बुधवार, रात्री ९

फार वाईट झालं. पण माझ्यामुळे नाही.

बड कानात घातले आणि प्रवचन लावायला गेले. बोट सरकलं आणि मालिका लागली. (कालचा भाग राहिला होता. पण ते वेगळं.) कानात काही येईना म्हणून आवाज वाढवत गेले, पूर्ण वाढवला. इकडे मंदिरावरून सून सासूच्या दुधात विष कालवते आहे. सगळ्या गावात. दोनदा ढोल वाजला, सासू किंचाळली, पारावरची माणसं उठून उभी राहिली.

वच्छलाबाई भिंतीवरून ओरडली, "उर्वशीबाई वो! मंग मेली का नाई थे सासू?"

मी सांगितलं, प्रवचनाच्या मधे जाहिरात आली. ती म्हणाली, "बाप्पा! जाहिरातीत इस विकते का आता?"

रात्री ह्यांनीही विचारलं. हे जंगलाच्या मोहर्ली गेटवर सफारीची जिप्सी चालवतात, पहाटे साडेचारला निघतात, गावात काय होतं त्याच्याशी ह्यांचा संबंध नसतो. तरी ह्यांना कळलं. म्हणाले, "गेटवर टुरिस्टबी विचारून राह्यले, सासू कशी हाय."

निश्चय: मालिका बंद. कायमची.

३ एप्रिल, गुरुवार

कारण सापडलं. भोंगा यादीत असला की आवाज पळून तिकडे जातो. म्हणून भोंग्याचं नाव यादीतून काढलं. पाच मिनिटांपुरतं. लगेच बड जोडले गेले! कोणाच्या मदतीशिवाय. विज्ञानात अठ्ठावन्न उगीच नव्हते.

एकच बड वापरायचं ठरवलं. दुसरा डबीत शिल्लक. एक झिजला की दुसरा. प्रवचन एका कानाने ऐकलं तरी तेवढंच कळतं.

भोंगा संध्याकाळी परत जोडेन.

४ एप्रिल, शुक्रवार

मालिका पाहिली. पण प्रवचन आधी ऐकलं.

भोंगा उद्या जोडते. पाच दिवस झाले, वाघाचं काही नाही.

७ एप्रिल, सोमवार, पहाटे ५.१०

इस्तारीभाऊंचा फोन. वाघ तलावाच्या बांधावर. मी एका कानात काकड आरती ऐकत होते, पण क्षणही घालवला नाही. रेकॉर्ड केलं: "ऐका हो ऐका, तलावाकडे वाघ आहे, मोहफुलं वेचायला कोणी जाऊ नका, लेकरं बाहेर सोडू नका." तीनदा वाजवलं.

काय आवाज! इतका स्वच्छ कधीच आला नव्हता. एक एक अक्षर. अगदी कानात सांगितल्यासारखं. समितीला सांगितलं पाहिजे, भोंगा आता फार छान झाला.

मग चहा केला. मनाला समाधान.

त्याच दिवशी, सकाळी ९

लिहवत नाही. लिहिते.

वच्छलाबाई आणि दोघीजणी अंधारातच तलावाकडे मोहाला गेल्या होत्या. भोंगा वाजला नाही म्हणून गेल्या. वाघ बांधावरून उतरून झाडाखाली आला. तिघींनी पाठीला पाठ लावून टोपले बडवले, ओरडल्या, मागे मागे सरकत आल्या. वच्छलाबाई खड्ड्यात पडली. वाघ उभा राहून बघत होता म्हणे. मग गेला.

"वच्छला गेली" असं कोणीतरी रस्त्याने ओरडत गेलं. अंगणात माझ्या हातातून गडवा पडला. अर्धा तास मी तिला मेलेलीच धरून होते. त्या अर्ध्या तासात काय काय मनात आलं ते इथे लिहिणार नाही, वहीत पुढे जमाखर्च आहे.

मग खाटेवर घालून आणली. पाय मुरगळला, घोट्याला लाडवाएवढी सूज. जिवंत. शिव्या देत होती, म्हणजे नक्की जिवंत.

घरात येऊन फोन बघितला. यादीत एकच नाव. बडचं.

माझा आवाज गावात गेलाच नव्हता. तो माझ्याच कानात तीनदा वाजला. आणि मी वर समाधान लिहून ठेवलंय. खोडणार होते. खोडलं नाही. शाई वाया जाते.

८ एप्रिल, मंगळवार, एकादशी

आज सांगायचं ठरवलं होतं. पण एकादशीला वाईट बोलू नये. आणि वार मारुतीचा.

इस्तारीभाऊंनी मोहर्लीहून आदेशला आणलं, तो रेडिओ-स्पीकर दुरुस्त करतो. तो मंदिराच्या छपरावर चढला, उन्हात अर्धा तास वायरी तपासल्या. मी खाली उभी. तोंड उघडलं, पाणी हवं का एवढंच विचारलं. खाली येऊन म्हणाला, "काकू, भोंगा चांगला हाय. जरा तुमचा फोन द्या." बघितलं, आणि मान वर करून विचारलं, "यादीतून भोंग्याचं नाव कोणं काढलं?"

मी म्हटलं, अपडेट आला असेल.

उपवासाच्या दिवशी. मंदिराच्या पायरीवर.

त्याने भोंगा परत जोडून दिला. इस्तारीभाऊंनी त्याला गाडीपर्यंत सोडलं, दोघं बराच वेळ बोलत उभे होते. पैशाचं असेल.

९ एप्रिल, बुधवार

हळद-चुन्याचा लेप घेऊन वच्छलाबाईकडे गेले. सांगायलाच गेले होते. तिने आधीच सुरू केलं, "तुह्यावर भरवसा हाय बाई मले. तू सांगतलीच असशीन. भोंगाच मेला." माझ्याकडे टक लावून बघत होती. साधी बाई, मनात काही नाही. माझ्याने बोलवलं नाही.

मग सुचलं. खाटेवर पडून तिला दिवस जात नाही, तिच्याकडे साधा फोन. मी तिला दोन्ही बड डबीसकट दिले. भिंतीच्या या बाजूने माझ्या फोनवर भजन लावते, त्या बाजूला तिला ऐकू येतं. तिने दोन्ही कानांत घातले आणि इतक्या मोठ्याने बोलायला लागली की मंदिराची घंटा कमी पडेल. "उर्वशीबाई! देवच येऊन बसला वो डोक्यात!"

हे प्रायश्चित्तच झालं. सांगितल्यासारखंच आहे.

१० एप्रिल, गुरुवार

सांगितल्यासारखं नाही.

भिंतीपलीकडे तिची काठी वाजते. ठक. ठक. चुलीपर्यंत सात वेळा, परत येताना नऊ. परतीला भांडं हातात असतं.

११ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळी ६

ठरलं. उद्या हनुमान जयंती. पाप घेऊन मारुतीपुढे उभी राहणार नाही. एकेकाच्या तोंडासमोर जाणं मला जमणार नाही, म्हणून भोंग्यावरच सांगायचं. सगळ्या गावाला एकदम. मी घरातच.

रेकॉर्ड केलं. "मी उर्वशी बोलते आहे. भोंगा बिघडला नव्हता. मी माझ्या कानासाठी त्याचं नाव काढलं. अपडेट वगैरे काही आला नाही, मी खोटं बोलले. वच्छलाबाईचा पाय माझ्यामुळे गेला. मालिकाही मीच लावली होती." शेवटी रडू आलं. तेही रेकॉर्ड झालं, राहू दिलं.

फोनवर "जोडलेले आहे" असं दिसत होतं. खात्री केली. मग तीनदा वाजायला लावलं आणि देवघरात जाऊन कानांत बोटं घालून बसले. रामनाम म्हणत. पुरते तीनदा होईपर्यंत बोटं काढली नाहीत.

झालं. मोकळी झाले.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

आमचं गाव फार मोठ्या मनाचं आहे. कोणी एक शब्द काढला नाही! मंदिरात सगळ्यांनी नेहमीसारखा रामराम केला. मीच प्रत्येकासमोर हात जोडत गेले. बायका गोंधळल्या. एकीने उलट मलाच नमस्कार केला. इस्तारीभाऊंच्या पाया पडले तर ते मागे सरले, "काऊन माफी मांगून राह्यली बाई? काई सांगाचं हाय का?" म्हटलं, आता काय सांगायचं राहिलं. ते म्हणाले, "बरं. पाहा."

प्रसाद दोनदा घेतला.

रात्री ह्यांना म्हटलं, काल भोंग्यावर ऐकून तुम्हाला राग आला असेल. हे म्हणाले, "भोंगा? काल तं वाजलाच नाई. मी पारावरच होतो."

हातातली पोळी तशीच राहिली.

१३ एप्रिल, रविवार

बड वच्छलाबाईच्या कानात होते.

सकाळी गेले. ती खाटेवर बसून मोहफुलं निवडत होती. वर बघितलंच नाही. म्हणाली, "ये. मी भजन ऐकून राह्यलो होतो, मधातच तू रडाले लागली. तीन डाव रडली. तिसऱ्या डावाले मलेबी रडू आलं, मंग राग आला का मी काऊन रडून राह्यलो." मी खाली बसले. तिच्या पायाकडे बघवेना. ती म्हणाली, "मले सांगतलं, थे बरं झालं. पण मले सांगाचं म्हणून नाई सांगतलं तू. तुले गावाले सांगाचं होतं. घरात लपून."

मग तिने डबी उघडली. एक बड माझ्या हातावर ठेवला. "हा घे. दुसरा माह्याजवळ. गावाले तोंडानं सांगशीन तवा देईन."

१४ एप्रिल, सोमवार

सांगितलं नाही. एक बड आहे. तसाही मी एकच वापरते, मागे लिहिलंच आहे. काही अडत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार, सकाळी ७

एका कानात प्रवचन. सत्याचं महत्त्व. दुसरा कान रिकामा, त्यात भिंतीपलीकडून ठक. ठक. आज परतीला अकरा.

प्रवचन बंद केलं. फोन घरी ठेवला. इस्तारीभाऊंकडे निघते.

त्याच दिवशी, सकाळी ९.३०

इस्तारीभाऊ अंगणात दात घासत होते. आणखी पाच-सहा जण होते. सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. उभं राहून. मधे थांबले नाही.

इस्तारीभाऊंनी चूळ भरली. म्हणाले, "बाई, हे आम्हाले माहीत हाय. आदेशनं त्याच दिवशी सांगतलं, फोनमधी कानातल्याचं नाव होतं म्हणून. सारं गाव आठ दिसापासून वाट पाहून राह्यलं, बाई कवा सांगते."

सारं गाव. वच्छलाबाईपण. "तुह्यावर भरवसा हाय" म्हणाली तेव्हाही. जयंतीला मी सगळ्यांना हात जोडत फिरले तेव्हाही.

मी म्हटलं, भोंगा दुसऱ्या कोणाकडे द्या. इस्तारीभाऊ नाही म्हणाले, "आवाज तुहाच राहीन. गावाले त्याचीच सवय हाय." फक्त एक अट घातली. अंधार पडायच्या आत इअरबडची डबी मारुतीच्या पायाशी ठेवायची, सकाळी आरती झाली की उचलायची.

वच्छलाबाईने दुसरा बड डबीसकट दिला. पदराला पुसून.

१६ एप्रिल, बुधवार, संध्याकाळी ६.१५

डबी ठेवून आले. मंदिर दहा पावलांवर. तेवढ्यात पारावरून चौघांनी विचारलं, "उर्वशीबाई, जमा केली का?"

केली म्हटलं. चारही वेळा.