कोल्ह्याचं तोंड

१४ ऑगस्ट, गुरुवार
बोनस गेली. सकाळी गोठा उघडला, चहा टाकायला आत आले, तेवढ्यात. ओढ्याकडच्या कुंपणाखालून ओढत नेली. गवतात गळ्यातली घंटा सापडली. धुऊन ठेवली.

शेळ्यांना ह्यांनी ऑफिसातली नावं दिली होती. बोनस, अप्रेझल, डेडलाइन, रिलीज. म्हणायचे, "एवढी वर्षं यांनी मला पळवलं, आता मी यांना चारतो." हे जाऊन सात महिने झाले. नावं तशीच आहेत. हाक मारताना मला हसू येत नाही.

केतकीला फोन केला. करायला नको होता. "आई, धिस इज द थर्ड वन. थंडीच्या आधी सगळं विकून इकडे ये ना. बेसमेंट रेडी आहे." अल्फारेटातल्या तिच्या घराचं ते बेसमेंट. खिडकी जमिनीला टेकलेली, बाहेर एसीचं मशीन. मी म्हटलं, बघू.
"तू बघू म्हणतेस म्हणजे नाही."
लेकीनं बरोबर ओळखलं. पण आणखी एक-दोन शेळ्या गेल्या की तिला काय उत्तर देणार, ते मलाही माहीत नाही.

१६ ऑगस्ट
डॅरल येऊन गेला. पलीकडचं कुरण त्याचं, गाई आहेत. वसुधा त्याच्या तोंडात बसत नाही, म्हणून मी मिस वासू. म्हणाला, "कायोटी एकदा वाट शिकला की रोज येतो, मिस वासू. रायफल घ्या." स्वतःची दाखवायला आणली होती. काळी, लष्करी दिसणारी.
"हिच्यात तीस गोळ्या बसतात."
"तीस कशाला?"
"चुकल्या तर."
"चुकायचंच असेल तर तीस वेळा कशाला चुकू?"
खूप हसला. हे तुमच्या नवऱ्याचं वाक्य वाटतं, म्हणाला. नाही, माझंच आहे. पण सांगितलं नाही.

१९ ऑगस्ट
मिरजेहून बेबीचा फोन. धाकटी असून दरडावते. कायोटी म्हणजे काय ते तिला सांगता सांगता दमले. कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान.
"म्हणजे कोल्हाच की, ताई. कोल्ह्याला बंदूक? आपण मळ्यात डबे वाजवायचो."
मग म्हणाली, कोल्ह्याचं तोंड बघणं तर चांगलं असतं ना गं. दिवस चांगला जातो.
मी फोन ठेवला. बेबीला माहीत नाही. त्या दिवशी सकाळी हे कुंपणाकडून आले, हात चोळत, चहा मागितला, आणि म्हणाले, "आज कोल्ह्याचं तोंड बघितलं. काहीतरी चांगलं होणार बघ." दुपारी ओढ्याजवळ पडले ते…
जेवले नाही.

२३ ऑगस्ट
लायब्ररी. शाळा माझी दहावीला सुटली, पुढचं सगळं इथल्या लायब्ररीतल्या खुर्चीवर झालं. इंग्रजीसुद्धा. आज रायफलींची तीन पुस्तकं आणि कायोटीवरचं एक.

कळलं ते असं. टू-टू म्हणून जी लहान गोळी असते ती सशाला, फार तर खारीला. कायोटीला लागली तर तो जखमी होऊन झाडीत जातो आणि तिथे मरायला वेळ लागतो. ते नको. हरणाची मोठी गोळी खांद्याला धक्का देते, आणि चुकली तर फार लांब जाते. मधली आहे टू-टू-थ्री. धक्का कमी, नेम सरळ. आणि रायफल बोल्टची. हातानं दांडा मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. एका वेळी एक गोळी. आपोआप काही होत नाही. हे मला आवडलं.

कायोटीच्या पुस्तकात वेगळंच. म्हणे, मारून ते कमी होत नाहीत. एकाची जागा रिकामी झाली की दुसरा येतो. हे पान दोनदा वाचलं. मला जंगल रिकामं करायचं नाही. आमच्या कुंपणाखालची वाट शिकलेला एक थांबवायचाय. राखणीचा कुत्रा आणायचा विचार केला, पण पिल्लू तयार व्हायला दोन हिवाळे लागतात. ह्यांनी कुंपणाला लावलेली विजेची तार गवत टेकलं की मरते, आणि गवत रोज वाढतं.

३० ऑगस्ट, शनिवार
दुकानात गेले. काउंटरवरच्या पोरानं गुलाबी पिस्तूल पुढे केलं. बायका हेच नेतात, म्हणाला. म्हटलं, मला रायफल हवी. बोल्टची, टू-टू-थ्री, न गंजणारी. दस्ता लाकडाचा नको, इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं. त्यानं आतून एका बाईला बोलावलं. माझ्याच वयाची, केस पांढरे, नखं लाल. तिनं तीन काढून ठेवल्या. पहिली खांद्याला लावली तर माझा हात दांड्यापर्यंत पोचेना. दुसरी जड. तिसरीचा दस्ता आखूड, मुलांसाठी करतात तसला. ती बसली.
विचारलं, रिलायेबल कुठली?
"हनी, भाग जितके कमी, तितकी भांडणं कमी. साफ ठेवलीस तर ही दर वेळी चालेल."
आमच्या घरात दर वेळी चालणारे फक्त हे होते.
घेतली नाही. आधी के.शी, केतकीशी, बोलायला हवं.

६ सप्टेंबर
के. आली, एकटी. नातीला, ईशाला, आणलं नाही. चहा गार होईपर्यंत भांडलो.
"आय ॲम नॉट ब्रिंगिंग ईशा टू अ हाउस विथ अ गन. सॉरी, आई."
"मग शेळ्या कोणी राखायच्या?"
"शेळ्या बाबांचा हट्ट होता. तुझा नाही."
"तुला काय माहीत माझा काय आहे?"
"बाबांनी इतक्या वर्षांत कधी गन घेतली नाही."
"तुझ्या बाबांना कोल्हा शुभ वाटायचा."
मग ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण बोलले नाही. बोलले असते तर हो म्हणाले असते.

शेवटी ठरलं ते असं. रायफल लोखंडी कपाटात. बोल्ट काढून वेगळा, देवघराच्या ड्रॉवरमध्ये. बोल्ट नसेल तर रायफल म्हणजे नुसती नळी. ईशा येईल तेव्हा तीही घरात नको, डॅरलकडे. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात. तिथे आता जागा आहे.

१३ सप्टेंबर
घेतली. तिसरी, आखूड दस्त्याची. डॅरलच्या शेतात मातीचा मोठा बांध आहे, त्यावर कागद लावून मारायला शिकले. मागे माती नसेल तर गोळी सोडायची नाही, हा त्याचा पहिला धडा. दुसरा, टेबलावर ठेवताना बोल्ट नेहमी बाहेर. पहिली गोळी बांधाच्याही वरून गेली. मग जमलं. डॅरल म्हणाला, "मिस वासू, तुमचा हात थरथरत नाही." म्हटलं, थरथरून झालंय.

२५ सप्टेंबर
दिसला. अंगानं बारीक, एक कान फाटका. उघड्या कुरणात, सरळ नेमात. पण त्याच्या मागे रस्ता, आणि शाळेची बस वळत होती. रायफल खाली केली. तो रिलीजकडे बघत राहिला, मग निघून गेला. घाई नाही त्याला. मीही म्हटलं, नाही तर नाही. पण दिवसभर चैन नाही.

के.नं घर-शेत विकून देणाऱ्या बाईचा नंबर पाठवला. "जस्ट टॉक टू हर." फोन नाही केला.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. वर्षाच्या आत सण करायचा नाही म्हणतात. पण हे करायचे, एकही वर्ष चुकवलं नाही. अल्फारेटात असताना लॅपटॉप, गाडी, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना गंध. इथे आल्यावर ट्रॅक्टर आणि खूर कापायची कात्री. हातातल्या हत्याराला वर्षातून एकदा नमस्कार करावा, म्हणायचे, एरवी त्याला शिव्याच देतो आपण.

दुपारी बसून सगळं पुसलं. ह्यांचे पाने, पक्कड, कात्री, ट्रॅक्टरची किल्ली. रायफलही काढली. पाटावर ठेवली, डॅरलच्या धड्याप्रमाणे बोल्ट बाहेर, शेजारी ताटात. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. मुठीत अक्षता घेतल्या. मंत्र ह्यांना यायचा, मला नाही. नुसतं म्हटलं, सांभाळा. अक्षता टाकल्या. प्रसादाला शिरा केला. केला म्हणजे जास्तच झाला, सवयीनं.

५ ऑक्टोबर, रविवार
उजाडल्यावर शेळ्या सोडल्या, तेवढ्यात आला. तोच, फाटक्या कानाचा. अप्रेझल कुंपणाला लागून चरत होती. त्याच्या मागे ओढ्याचा चढ, सगळी माती, रस्ता नाही, घर नाही. असं पुन्हा मिळणार नाही. कपाट उघडलं, ड्रॉवरमधून बोल्ट काढला, बसवला, गोळी ठेवली, पुढे ढकलला. दांडा खाली जाईना. मागे ओढला, पुन्हा ढकलला. जाईना. जोर केला. जाईना.

त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. पिवळे डोळे. किती वेळ कोण जाणे. रायफल पायरीवर ठेवली आणि शेळ्यांच्या खुराकाचा डबा उचलून काठीनं बडवत, हाड् हाड् ओरडत धावले. तो पळाला नाही. चालत गेला.

परत येऊन गोळी काढली, बोल्ट काढला, नळीत बॅटरी मारून बघितलं. आत, गोळी बसते तिथेच, एक तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल, चिकटून सुकलेला.

पायरीवर बसून राहिले. दर वेळी चालणारी रायफल. साफ ठेवलीस तर, म्हणाली होती दुकानातली बाई. मी तिची पूजा केली.

६ ऑक्टोबर
दाणा टूथपिकनं काढला. बेबीला सांगितलं. आधी हसली, खूप हसली, मग म्हणाली, "ताई, भावजींनीच अडवलं असेल गं."
"मग कोल्ह्याला का नाही अडवत ते?"
तिला बोलायला नको होतं असं. ती सांत्वनच करत होती. पण मला हल्ली सांत्वनाचा राग येतो. तांदूळ आहे, तांदळासारखा वागला.

के.ला सांगितलेलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
के. आणि ईशा आल्या, दोन दिवस राहणार. सकाळीच रायफल आणि बोल्ट डॅरलकडे देऊन आले. ठरल्याप्रमाणे. तो म्हणाला, "कायोटीला कळवलंत का, वीकेंडला सुट्टी आहे म्हणून?"

रात्री के. भांडी घासताना म्हणाली, "इथे शांत आहे, आय नो." मी वाट बघत होते, पुढे काही बोलेल. नाही बोलली. ईशा ह्यांच्या जागेवर झोपली आहे. आडवी.

११ ऑक्टोबर, शनिवार
पहाटे स्वयंपाकघरात आले तर के. आधीच उठलेली, पायांत ह्यांचे गमबूट. "आई, तू झोप ना. मी शेळ्या सोडल्या. जस्ट वाँटेड टू हेल्प."
उजाडल्याशिवाय सोडायच्या नाहीत हे तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. तिला ते माहीत असेल असं का धरून चालले मी.

ईशा खिडकीशी होती. काचेला नाक लावून म्हणाली, "आजी, लुक, डॉगी."
बाहेर दाट धुकं. कुंपणाच्या अलीकडे तो उभा, घराकडे तोंड करून. आत. शेळ्या दिसत नव्हत्या.
"डॉगी नाही गं. कोल्हा."
"इज ही गुड?"
तोंडातून निघून गेलं, "त्याचं तोंड बघितलं की दिवस चांगला जातो. तुझे आबा म्हणायचे."
ती टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात तो धुक्यात शिरला.

के.नं माझा चेहरा बघितला आणि तिला कळलं. दारातला डबा उचलला, काठी उचलली, मला म्हणाली, "तू ईशाजवळ थांब," आणि पळत गेली. डबा बडवल्याचा आवाज खाली ओढ्यापर्यंत गेला. मग थांबला. एक शेळी ओरडली. अप्रेझल असावी. डेडलाइनचा आवाज आला नाही. रिलीज तशीही ओरडत नाही.

ईशा विचारतेय, चांगलं काय होणार? मी तिला दूध दिलं आणि हे लिहितेय.

के. चढावरून वर येताना दिसतेय. डबा हातात आहे. धुक्यात तोंड अजून दिसत नाही.