रविवारी मी टीव्हीवर मेलेली दिसीन

माय,

तुह्या पायाले मुंबईहून हात लावतो. मी बरी आहो, दोन टाईम जेवून राह्यली. बाबा अजून घुग्घुसलेच खाणीत कामावर आहेत का? सोडलेलं मासोळ्याचं जाळं परत हाती घेतलं का त्यायनं?

एक गोष्ट फोनवर सांगाले जीभ वळली नाई. ज्या मालिकेचे मी कपडे शिवतो, ती एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरची आहे. त्यात एक पोरगी तलावात बुडून मरते. ते काम करणारी पोरगी आलीच नाई, तं डायरेक्टर साहेब मले म्हणे, "पुनम, तू झोप." मी ओलं लुगडं नेसून काठावर डोळे मिटून पडली.

मंग मालिकेतली माय माह्या अंगावर पडून रडली. माह्या बुडालेल्या भावाले, आपल्या धनराजले, गावच्या तलावातून काढलं, त्या दिवशी तू रडली तशीच. शूटिंग संपलं तरी मले उठता येईना. मायचं काम करणाऱ्या त्या बाईनंच पाणी पाजलं.

रविवारी तो भाग आहे. शेजारची रीता टीव्ही पाहाले बलावाले येईन, तू जाऊ नोको. मी जित्ती आहो.

धनराजले त्या दिवशी तुह्यं रडणं आयकू आलं नसन, असंच मी समजत होती. आता वाटते, आलं असन.

तुह्यी,
पुनम