काय काम आहे?

अण्णा, त्या दिवशी मॉलच्या दारात तुम्ही मला "या, मॅडम" म्हणालात, ते माझ्यासाठी की तुमच्यासाठी? मला याचं उत्तर आजही देता येत नाही. तुम्ही होतात तोवर विचारायचं राहिलं, आणि आता विचारावं असं कुणी नाही. आई देवळ्याला मामाकडे असते. फोनवर विषय काढला की ती म्हणते, "जेवलीस का?" द्वारका चौकाजवळच्या या खोलीत मी एकटीच जेवते, ताट धुऊन पालथं घालते, आणि मग बोलायला कुणी नसतं म्हणून तुमच्याशी बोलते.

तुम्हाला मॉलवर गार्डची नोकरी लागली तेव्हाचा एक सुट्टीचा दिवस मला स्वच्छ आठवतो. आई पोळ्या लाटते आहे. तुम्ही तिच्या हातातलं लाटणं काढून घेता आणि तिच्या खांद्यांवरून, कमरेजवळून फिरवता. "हात वर करा, मॅडम." ती पिठाचे हात खरंच वर करते. "वाजलं का?" "वाजतंय कुठलं! तिथल्या मशीनमधी सेलच नाय." मी अभ्यास सोडून बघत राहते. मी विचारलं, मग चोर कसा सापडणार? तुम्ही लाटणं गुडघ्यावर आपटत हसलात. "चोर कशाला सापडाया पाहिजे? मशीन फिरवलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. आपली लय काळजी घेतात, असं वाटतं त्याला." मग जरा हळू आवाजात सांगितलंत की खरी तपासणी वेगळीच असते. ज्याला आत घ्यायचं त्याला मशीन लावायचं. ज्याला घ्यायचं नाही त्याला नुसतं विचारायचं, काय काम आहे? सुपरवायझरने तसं शिकवलं होतं, आणि तेही गोड आवाजात. आई म्हणाली, "मॉलमधी कुणाचं काय काम असतं?" "तेच तर. गाडीतनं उतरलेला हसतो नि आत जातो. आपल्यासारखा उभा राहून उत्तर हुडकतो. मग त्याचा तोच माघारी फिरतो. हात लावावा लागत नाय." "अन् तुम्हाला कुणी विचारलं तर?" "मी ड्रेसवर हाय ना!" तुम्ही हसत होतात. आईने लाटणं परत घेतलं आणि पोळी लाटायला लागली. ती हसली नव्हती.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मैत्रिणींनी मॉलला जायचं ठरवलं. तुमची पाळी दुपारची असते अशी माझी समजूत होती, म्हणून आम्ही सकाळीच गेलो. पाळी बदलल्याचं तुम्ही घरी सांगितलं नव्हतंत. काचेच्या दारात तुम्ही उभे, ड्रेसला कडक इस्त्री, हातात ते मुकं मशीन. मैत्रिणी हात पसरून गेल्या. मी शेवटची. माझ्या तोंडात "अण्णा" आलंच होतं. तुमची नजर आधी माझ्या पायांवर गेली, अंगठा तुटून पिनेने जोडलेल्या चपलेवर, आणि मग तोंडावर. तेवढ्या वेळात मला वाटलं, आता हे मलाही विचारणार. पण तुम्ही मशीन उचललंत, माझ्या दोन्ही हातांवरून, पाठीवरून, दप्तरावरून सावकाश फिरवलंत, इतरांपेक्षा जरा जास्तच सावकाश, आणि म्हणालात, "या, मॅडम." माझ्या तोंडातला शब्द तिथेच राहिला. आत सरकत्या जिन्यावर मैत्रीण म्हणाली, "तुला किती चेक केलं गं!" पुढच्या आठवड्यात तुम्ही नव्या चपलांचा खोका माझ्यापुढे ठेवलात. "ह्या घालत जा. लोक पायाकडं बघतात." एवढंच. तुम्ही रागावला होतात का, तेही मला कळलं नाही.

तुम्ही गेलात त्यानंतर मी पदवी घेतली. आपल्या घरातली पहिली, हे सांगायला आता आईशिवाय कुणी नाही. एका खासगी हॉस्पिटलच्या ऑफिसात मला काम मिळालं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची माणसं तिथे पेशंट घेऊन येतात, गाठोडी घेऊन लॉबीतल्या खुर्च्यांवर बसतात, भाकरी सोडतात, कधी तिथेच डोळा लागतो. त्यांना तिथे बसायचं असतं, कारण नर्स जिन्यातून नाव पुकारते आणि ते ऐकू यावं लागतं. गेल्या महिन्यात दारात तपासणीची नवी चौकट उभी राहिली. तिचा हिरवा दिवा कायम सुरू असतो. कुणीही, काहीही घेऊन गेलं तरी ती वाजत नाही. मला ती पाहताच लाटणं आठवलं.

मग मॅनेजर सरांनी मला बोलावलं. सूचना लिहायची होती. "लिही, सुरक्षेच्या कारणास्तव नातेवाइकांनी लॉबीत न थांबता मागच्या शेडमध्ये बसावं." मी विचारलं, "सर, काही चोरी झालीय का?"

"नाही गं."

"मारामारी वगैरे?"

"अगं, पुढच्या आठवड्यात मोठे पाहुणे यायचेत. लॉबी एसटी स्टँडसारखी दिसते. ते लिहिणार आहेस का?"

"लिहू?"

ते मोठ्याने हसले. "सुरक्षा लिही. सुरक्षेला कुणी का म्हणून विचारत नाही. तुझं मराठी चांगलं आहे म्हणून तर तुला सांगितलं."

अण्णा, तुम्ही मला यासाठी शिकवलंत का, हा विचार डोक्यातून जाईना. कागद तसाच ठेवून मी बाहेर आले. सूचना लागायच्या आधीच दारावर नियम सुरू झाला होता. पेठकडची एक म्हातारी दारात उभी होती आणि गार्ड तिला गोड आवाजात विचारत होता, "मावशी, काय काम आहे?" ती गोंधळली. "काम नाय रं बाबा. नात हाय माझी वरती." काम नाय म्हणाली, म्हणून तिला शेडकडे पाठवलं. थोड्या वेळाने नर्स जिन्यातून तिच्या नातीचं नाव पुकारायला लागली. लॉबीतून कुणीच ओ दिली नाही. मी धावत शेडमध्ये गेले. म्हातारी पत्र्याखाली, जिन्याकडे तोंड करून बसली होती. जिना तिथून दिसतही नव्हता.

परत येऊन मी सूचना लिहिली. 'पाहुणे येणार आहेत. लॉबी चांगली दिसावी म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांनी मागच्या शेडमध्ये बसावे.' खाली सही केली आणि स्वतःच्या हाताने काचेवर चिकटवली. म्हातारी नातीला भेटून खाली आली होती. तिने विचारलं, "काय लिवलंय गं?" मी वाचून दाखवलं. ती तोंडावर पदर धरून हसली. "म्हंजी आम्ही दिसाया बरं नाय!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खरं लिवलंय की."

तो कागद संध्याकाळपर्यंतही राहिला नाही. "एवढं शिकून एवढीच अक्कल?" सर म्हणाले, आणि उद्यापासून येऊ नकोस असंही. दुसऱ्या कुणीतरी 'सुरक्षेच्या कारणास्तव' लिहून दिलं आणि ते छापून काचेवर लागलं. आईला मी अजून सांगितलेलं नाही.

आज सकाळी मी पुन्हा तिथे गेले. गळ्यात ओळखपत्र नाही, अंगावर घरातला साधा ड्रेस, पायात जुन्या झिजलेल्या चपला. तुम्ही दिलेल्या खोक्यातच आहेत, त्या घालून मला जायचं नव्हतं. गार्डने मला ओळखलं. त्याची नजर खाली पायांवर गेली आणि वर आली, अगदी तुमच्यासारखी. तो अवघडला, तरी त्याला विचारावं लागलंच. "मॅडम, काय काम आहे?"

"काही काम नाही," मी म्हणाले. "बसायचंय."

त्याला पुढे काय विचारायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. तो बाजूला झाला. मी शेडमधून म्हातारीला हाताला धरून आत आणलं, जिना समोर दिसेल अशा खुर्चीवर बसवलं, आणि तिच्या शेजारी दुपारपर्यंत बसून राहिले. नर्सने नाव पुकारलं तेव्हा तिनेच ओ दिली. फक्त तुम्हाला सांगते, अण्णा, तेवढा सगळा वेळ मी माझे पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते.