टाळू भरेपर्यंत

अनसिंग, ता. ३ नोव्हेंबर १९३७

घशातल्या गाठीपायी घसाच काढावा लागणार! मुंबईच्या डॉक्टरांचे पत्र आले. जगेन म्हणतात. श्वासासाठी गळ्याला कायमचे भोक ठेवतील. आवाज परत येणार नाही.

पत्र तीनदा वाचले. या गळ्याने भर बाजारात मामलेदाराला खाली बघायला लावले. सहा महिने तुरुंगात घातले, तरी हा गळा गप्प बसला नाही. आता चाकूने बसणार.

ता. ५

सभा सुटणार याचे दुःख आहेच. पण माझ्या बालवर्गात एकवीस पोरे आहेत, तीन-चार वर्षांची. गळ्याला भोक असलेली मुकी बाई पाहून ती किंचाळत पळाली तर? मग जगून काय करू?

आधीच सांगायला हवे. आणि खरे तेच. मुलांशी खोटे बोलणारा देशाशी काय खरे बोलणार — हे मी शंभर व्यासपीठांवरून गर्जून सांगितले आहे. पण कसे सांगू?

ता. ८

सापडले! सत्याग्रहाला कोकणात गेले तेव्हा बोटीवरून डॉल्फिन पाहिले होते. डोक्यावर भोक, त्यातून श्वास. आधी डॉल्फिनची ओळख, मग माझी.

सारवलेल्या जमिनीवर चुन्याने पाच हात लांब डॉल्फिन काढला. पोरे त्याच्या पोटावरच बसली. उठली ती पांढरी होऊन.

“हे तं म्हैस हाय, बाई,” जगदेव म्हणाला.

“पाण्यात राहतो. पण मासा नाही. आई त्याला दूध पाजते.”

“मंग म्हैसच!”

खूप हसले. हसताना रक्त आले. पदराने टिपले.

ता. ९

आज भोक. “वर येतो आणि — फूस्! डोक्यातून श्वास सोडतो.” एकवीस डॉल्फिन खोलीभर फूस् फूस् करत फिरले.

हुस्नाबानो मात्र विचारात. चार वर्षांची, वर्ग झाडणाऱ्या, पोरांना आणणाऱ्या-नेणाऱ्या अमीनाबीची नात. म्हणाली, “माह्या भावाच्या डोक्यावर बी हाय. फकफक करते.”

टाळू! मी म्हटले, नाही ग, बाळ टाळूतून श्वास घेत नाही.

“मंग दादी तेल कायले घालते?”

दारातून अमीनाबी — “तेलानं टाळू भरते, बेटा. टाळू भरली का पोरगं बोलाले लागते.” मग माझ्यावर डोळे वटारून, “अन् तुमी चूप बसा ना, बाई! गला फाडून राह्यल्या!”

ता. १४

वाशीमची सभा. शेवटची. माणसांनी मैदान भरलेले. दहा वाक्ये झाली, मग नुसती हवा.

मागून कोणी ओरडले, “बाई, जोरानं बोला!”

हात जोडले. लोकांना वाटले, भाषण संपले. टाळ्या! एवढ्या टाळ्या मला कधी पडल्या नव्हत्या.

ता. १७

उद्या अकोल्याहून मुंबईची गाडी.

मुलांना सांगितले. गळ्यावर बोट ठेवून दाखवले — इथे भोक होणार. त्यातून श्वास घेईन. बोलणार नाही.

“अन् पोहशीन का?” जगदेव.

हुस्नाबानो माझा गळा बघत राहिली.

‘कधीच’ हा शब्द राहिला. ‘कधीच बोलणार नाही’ म्हणायचे होते. आवाज तेवढा पुरला नाही. — नाही, इथे तरी खरे लिहावे. धाडस पुरले नाही.

ता. ११ जानेवारी १९३८

परतले. कोणी पळाले नाही! “फूस्! फूस्!” करत सगळी अंगाला बिलगली. जगदेवने भोकासमोर तळहात धरला. “गरम हाय!” मग सगळ्यांचे तळहात, पाळीपाळीने.

रडत बाहेर गेली ती अमीनाबी.

बोलायला तोंड उघडले. चार वेळा उघडले. सवय!

ता. १२

हुस्नाबानो घरून ओंजळीत तेल घेऊन आली. निम्मे वाटेतच सांडलेले.

“खाली वाक, बाई. भरलं का तू बोलशीन.”

पाटी जवळच होती. खडूही होता. तिला वाचता येत नाही.

वाकले. भोकाच्या कडेने तिने हळूच बोट फिरवले.

“उद्या बी आनीन,” म्हणाली.

मी मान हलवली. हो.