पाचांपैकी तीन डबे

४ मार्च, मंगळवार
दादा म्हणतो, बाबांनी मदतीचं बटण दाबलंच नाही. गळ्यात होतं, तरी! बाथरूममध्ये पडले, तिथेच गेले आणि खाली मदतकक्षात घंटा वाजली नाही. ‘हट्टी होते, दुसरं काय,’ म्हणाला आणि तोंड फिरवलं.
मलाही राग येतोय. हजारदा बजावलं होतं — बाबा, लाजू नका, दाबा! आता कोणावर चिडू?

६ मार्च
कामावर गेले. घरी भिंती खायला उठतात.
आमच्या नव्या वायरलेस सेटची चाचणी बाबांच्याच वृद्धाश्रमाच्या इमारतीत चालू आहे. सेटचे पाच डबे पाच मजल्यांवर रेडिओलहरींना कान लावून बसतात. रेडिओ चॅनल तिथल्या म्हाताऱ्यांच्या मदतीच्या बटणांचा. तो गप्प असला की आमचा सेट तेवढ्यापुरता वापरतो. कोणी बटण दाबलं की आम्ही मुकाट्यानं बाजूला व्हायचं. चौथा डबा बाबांनी हौसेनं स्वतःच्या खोलीत ठेवून घेतला. ‘तू नाहीस तर नाही, तुझा डबा तरी माझं ऐकेल!’

१० मार्च
आज एकदम आठवलं.
आधी नियम होता — एका डब्याला जरी बटणाची चाहूल लागली, तरी सेट बंद. पण चौथा डबा उगाचच ओरडायचा. लिफ्ट हलली तरी! सर वैतागले, ‘एकाच्या सांगण्यावरून किती वेळा उठायचं?’ म्हणून महिन्यापूर्वी मीच बदललं. पाचांपैकी तिघांनी सांगितलं तरच थांबायचं. आकडे झकास आले. सरांनी पाठ थोपटली. मी खुशीत बाबांना फोनही केला होता.
बाबा पडले त्या दिवसाची नोंद मशीनमध्ये आहे. उघडायचा धीर होत नाही.

११ मार्च
उघडली.
सकाळी दहा दहा ते दहा पन्नास. चौथा डबा — ‘कोणीतरी आहे.’ एकोणीस वेळा. बाबांच्याच बटणाचा क्रमांक. बाकीचे चौघे — ‘रिकामं.’ जाड भिंती, त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. आणि आमचा सेट मदतकक्षाच्या डोक्यावर बसून त्याच चॅनलवर खुशाल बोलत राहिला. खाली बटण ऐकू येणार कसं?
चाळीस मिनिटं! बाबा, चाळीस मिनिटं तुम्ही दाबत होतात.

१२ मार्च
दादाला फोन केला. ‘बाबांनी बटण दाबलं होतं.’ लहान मुलासारखा रडला. ‘मी उगाच त्यांना हट्टी म्हणालो गं.’
मग म्हणाला, ‘पण मग वाजलं का नाही?’
सांगितलं.