मनालीबद्दलचं माझं मत

शारजा,
२७ जानेवारी २००१

प्रिय विभा,

तुझं पत्र मिळालं. पाकीट एका कडेला सुटलेलं होतं, त्यामुळे मैथिलीनं ते उघडून वाचलं की काय, म्हणून मी दोन दिवस तिचं तोंड न्याहाळत होते. पण आमच्या सूनबाई उजाडायच्या आत दुबईच्या ऑफिसला निघतात आणि संध्याकाळी ट्रॅफिकमधून सुटून येतात तेव्हा त्यांना स्वतःच्या चपला सापडत नाहीत, माझी पत्रं कुठली सापडायला. तरी पुढच्या वेळी डिंक जरा सढळ हातानं लाव.

इथे आल्यापासून मी मुलीवर पाळत ठेवून आहे. आपलं ठरलंच होतं तसं. शैलेंद्र आणि मैथिलीनं नाशिकच्या संस्थेतून मनालीला दत्तक घेतलं, तेव्हा ती अडीच वर्षांची आहे असं सांगितलं गेलं. मला पहिली शंका तिथेच. झोपेत तिचा ओठ वर करून मी दाढा तपासल्या. दाढा बरोबर निघाल्या, पण दाढांवरून मूल कळत नाही. संस्था अधूनमधून तिची प्रगती विचारते आणि मैथिली कळवते, वजन वाढलं, जिना चढते, रंग ओळखते. मुलासाठी इतकी वर्षं झुरलेली बाई दुसरं काय लिहिणार? म्हणून तर तू म्हणालीस की अक्का, तू स्वतः बघ आणि खरं ते मला कळव. वर्ष भरायच्या आत नाही जमलं तर संस्था मूल परत घेते, तिथल्या बाईंशी मी गुपचूप बोलते, असंही तूच म्हणालीस. शैलेंद्रचं मन वळवायचं काम माझ्याकडे होतं. मार्चमध्ये वर्ष भरतं.

तर ऐक. ही मुलगी फार शहाणी आहे आणि तेच मला खटकतं. दुपारी झोपून उठली तर हाक मारत नाही. मी दारातून डोकावते, तर टक्क जागी, भिंतीकडे बघत पडलेली. शैलेंद्र त्या वयात जागा झाला की अख्खी आळी जागी व्हायची, आठवतं ना? ही ताटात पडेल ते खाते, दुसऱ्यांदा मागत नाही. आंघोळ म्हटलं की फ्रॉक काढून दाराशी हजर. डोक्यात काही कमी आहे का, म्हणून मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बुद्धी उत्तम आहे. रडून कुणी येत नाही हे संस्थेतली मुलं लवकर शिकतात, ते सुटेल हळूहळू, इन्शाल्ला. डॉक्टरीणबाईंवरही माझा भरवसा नाही. फी घेणारं माणूस वाईट कशाला सांगेल?

संक्रांतीनंतर तिचं बोरन्हाण केलं. मैथिलीनं काळा फ्रॉक शिवून घेतला, हलव्याचे दागिने मुंबईहून मागवले. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, चॉकलेटं ओतली तशी बाकीची पोरं तुटून पडली. वरच्या मजल्यावरच्या स्मिताचा सुजीत तर “माइन, माइन” करत पाटाखाली शिरला. आमची मनाली गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. स्वतःच्या मांडीत पडलेलं बोरसुद्धा तिनं उचललं नाही. सगळं संपल्यावर एक तळवा पुढे केला, कुणीतरी वाटत येईल म्हणून. बायका म्हणाल्या, किती मॅनर्स आहेत. मैथिलीचा चेहरा मात्र पडला होता. म्हणजे तिलाही कळतं, लिहीत तेवढी नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ती सगळ्यांना आई म्हणते. स्मिताला आई, लिफ्टमधल्या सुदानी बाईला आई, मलाही आई. परवा कोपऱ्यावरच्या दुकानात एका अनोळखी बाईनं हात पुढे केले, तर ही तिच्या कडेवर जाऊन बसली. मैथिली दोन पावलांवर उभी होती, तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. मला भीती वाटली ती याचीच गं. माझा मुलगा आणि सून जीव ओतताहेत आणि या पोरीच्या लेखी ती दोघं म्हणजे हात पुढे करणाऱ्या माणसांतलीच दोन. कधीतरी हे त्यांना उमगेल आणि ती मोडून पडतील. बुधवारपर्यंत माझं ठरलं होतं, संस्थेला कळवायचं.

गुरुवारी इथे ऑफिस अर्धा दिवस, शुक्रवारची सुट्टी ना. मनाली वर सुजीतशी खेळत होती, तिला आणायला मी गेले. स्मिता कौतुकानं म्हणाली, “काकू, काय ब्रेव्ह मुलगी आहे तुमची. सायकलवरून पडली, हनुवटी फुटली, पण एकदम चूप.” लिफ्ट बंद होती, म्हणून मनालीचा हात धरून जिना उतरले. हनुवटीला कापूस, फ्रॉकवर रक्त आणि डोळे कोरडे ठणठणीत. मुद्दाम विचारलं, दुखतंय का? तिनं नाही म्हणून मान हलवली. मी मनात म्हटलं, खलास, आजच विभाला लिहायचं.

दार मैथिलीनं उघडलं. पर्स अजून खांद्यावरच होती. मनालीनं तिच्याकडे बघितलं, खालचा ओठ पुढे आला आणि तिनं असं भोकाड पसरलं की समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं. “आई, लागलं,” एवढंच म्हणाली आणि मैथिलीच्या पायांना घट्ट चिकटली. मैथिली तिथेच दारात खाली बसली. मी मनालीला घ्यायला गेले, तर तिनं माझा हात ढकलला. बराच वेळ रडली. मैथिली पण रडत होती आणि मधेच हसत होती. मी आपली बाजूला उभी.

आधी मला ते नाटकच वाटलं. मग जेवताना डोक्यात उजेड पडला. पोर वर पडली, दुखलं वर, आणि रडू मात्र आईसाठी जिनाभर सांभाळून आणलं. आई ती कुणालाही म्हणेना का, आई कोण हे तिला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा विभा, तू बाईंकडे जाऊ नकोस. गेली असशील तर परत जा आणि सांग की म्हातारीला नीट दिसत नाही. मला घ्यायला विमानतळावरही कुणाला पाठवू नकोस. व्हिसा वाढवून घे म्हणून मी शैलेंद्रच्या मागे लागले आहे. त्याला वाटतं, मला इथली हवा मानवली. खरं सांगू? मला राग आलाय. रोज मी भरवते, मी न्हाऊ घालते, आणि दुखतंय का विचारलं तर मला नाही म्हणते? ती माझ्याजवळ येऊन एकदा असं भोकाड पसरेपर्यंत मी काही नाशिकला येत नाही.

तुझीच,
अक्का