एकशे सत्तावीस दाते

अकोला, ९ मार्च १९६९. आज रविवार, वर्कशॉप बंद. तरी सकाळी आलो. लेथवर हातभर लांबीचा एक स्क्रू कापला. दुपारी डबा खाल्ला.

मिस्त्री, तो स्क्रू तुमच्या चाकावर कापला, म्हणून लिहितो आहे. तुमच्यावरचा राग नऊ वर्षांत कमी झालेला नाही.

अमरावतीच्या आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात नवं यंत्र आलं होतं, त्याचा लांब स्क्रू ऐन हंगामात तुटला. नकाशा मिलिमीटरचा, आपला जुना लेथ इंचाचा. मी नवखा होतो, पण शिकून आलो होतो. म्हटलं, मिस्त्री, इंचाचं माप मिलिमीटरमध्ये बदलणारं एकशे सत्तावीस दात्यांचं चाक लावल्याशिवाय आटे बरोबर पडणार नाहीत. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "मिलिमीटरचं लोखंड येगळं असते काय रे? शिकून आला तं मले शिकवून राहिला! जवळपासचं चाक लाव." मी लावलं. स्क्रूवर छोटा नट फिरवून तुम्ही हसलात, "पाह्य, गेला का नाई?" छोटा नट जातोच. चार आट्यांत चूक दिसत नाही, लांबीवर ती साचत जाते. यंत्रात स्क्रू अर्ध्यावर अडकला आणि कापसाने भरलेल्या बैलबंड्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. मालकाने विचारलं, चाक कोणी लावलं? तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. खोटंही बोलला नाहीत. त्यानंतर अमरावतीत मला कोणी लेथला हात लावू दिला नाही.

वर्षभरात तुम्ही गेलात. तुमच्या घरच्या काकूंनी मला बडनेरा स्टेशनावर गाठलं, फडक्यात बांधलेलं पितळी चाक हातात दिलं. "यायनं तुमच्यासाठी केलं. रोज कानस घेऊन बसत. काहून, ते काई सांगे नाई." गाडीत बसून मी दाते मोजले. एकशे सत्तावीस. म्हणजे तुम्हाला पटलं होतं! महिनोन्‌महिने घासत बसलात, पण मालकाकडे जाऊन तुमच्याने एक वाक्य बोलवलं नाही. मला चाक नको होतं, ते वाक्य हवं होतं. म्हणून इतकी वर्षं ते पेटीतच ठेवलं.

आज लावलं. लांब नट या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने फिरत गेला.

एक गोष्ट मात्र मीही कोणाला सांगितली नाही. त्या दिवशी स्क्रू यंत्रात बसवण्याआधी तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा मी पट्टी लावून आटे मोजले होते. चूक दिसली होती. तुमची फजिती सगळ्यांनी पाहावी म्हणून गप्प बसलो.

चाक लेथवरच राहू देतो. खाली पडलेला लोखंडाचा कीस झाडून घेतो, मग कुलूप लावतो.